ड जीवनसत्त्व, गरोदरपण आणि बाळाचा मेंदू: रिपोर्टमधला आकडा किती मनावर घ्यायचा?

मे २०२५ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचे दोन-चार थेंब कागदावर टिपून घेतात आणि तो कागद वर्षानुवर्षं जपून ठेवतात. संशोधकांनी अशा ७१ हजारांहून अधिक कागदांवरच्या वाळलेल्या रक्तातलं ड जीवनसत्त्व मोजलं. मग ती बाळं मोठी झाल्यावर त्यांतल्या कोणाला कोणता मानसिक विकार झाला, याच्याशी ते आकडे ताडून पाहिले. जन्मावेळी ज्यांची पातळी जास्त होती त्यांच्यात स्किझोफ्रेनिया, स्वमग्नता (ऑटिझम) आणि एडीएचडी (म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) यांचं प्रमाण काहीसं कमी निघालं.

अशी बातमी व्हॉट्सॲपवरून सातव्या महिन्यातल्या सुनेपर्यंत पोचते तेव्हा तिच्यातलं ‘काहीसं’ गळून पडलेलं असतं. उरतं ते एवढंच, की आईचं व्हिटॅमिन डी कमी असेल तर बाळाच्या डोक्यावर परिणाम होतो. हातात लॅबचा रिपोर्ट असतो, त्यावर १४ हा आकडा (म्हणजे एका मिलिलिटर रक्तात १४ नॅनोग्रॅम; पुढचे आकडेही याच मापातले) लाल शाईत छापलेला असतो, आणि घरातल्या सगळ्यांचे चेहरे उतरलेले असतात. म्हणून या प्रकरणात पक्कं काय, कच्चं काय, हे जरा निगुतीनं पाहू.

हे जीवनसत्त्व करतं काय?

नाव जीवनसत्त्वाचं असलं तरी याचं वागणं संप्रेरकाचं, म्हणजे हार्मोनचं आहे. उन्हातले विशिष्ट अतिनील किरण त्वचेवर पडले की त्वचेतल्या कोलेस्टेरॉलसारख्या एका पदार्थापासून ते तयार होतं. मग यकृत त्याचं एक रूप बनवतं, जे रक्तात आठवडेच्या आठवडे टिकतं. लॅब मोजते ते हेच रूप. पुढे मूत्रपिंड त्यापासून कामाचं, प्रभावी रूप बनवतं. हे रूप आतड्यांना अन्नातलं कॅल्शियम शोषून घ्यायला लावतं. ते नसेल तर कितीही दूध प्यायलं तरी कॅल्शियम पुरेसं अंगी लागत नाही.

गरोदरपणात बाईच्या शरीरातलं हे प्रभावी रूप दुपटी-तिपटीनं वाढतं आणि ते बनवण्यात वारही (प्लासेंटाही) हातभार लावते. पोटातल्या बाळाला ऊन कुठलं? त्याचा सगळा साठा आईच्या रक्तातून वारेमार्गे येतो. त्यामुळे आईची पातळी कमी असेल तर बाळही कमी साठा घेऊनच जन्माला येतं. इथवर कोणाचाही वाद नाही.

हाडांचं ठीक, पण मेंदूचा काय संबंध?

संबंध असावा असं मानायला सबळ कारणं आहेत. एखाद्या पेशीला संप्रेरकाचा निरोप कळण्यासाठी तिच्यात तो निरोप घेणारा रेणू असावा लागतो. त्याला ग्राही म्हणतात. ड जीवनसत्त्वाचे ग्राही माणसाच्या मेंदूत अनेक भागांत आहेत, इतकंच काय, जीवनसत्त्वाचं प्रभावी रूप बनवणारं विकरही (एन्झाइम) मेंदूत सापडतं. ब्रिस्बेनमधले संशोधक डॅरिल आयल्स आणि जॉन मॅकग्रा यांचा गट कित्येक वर्षं याच विषयाच्या मागे आहे. त्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ड जीवनसत्त्व अजिबात न मिळालेल्या उंदरिणींच्या पिल्लांचे मेंदू तपासले, तर त्यांच्या मेंदूतल्या द्रवानं भरलेल्या पोकळ्या मोठ्या होत्या, बाहेरचा थर पातळ होता, आणि चेतापेशींची वाढ-जोपासना करणारी काही प्रथिनंही कमी होती.

मात्र त्या उंदरिणींचं ड जीवनसत्त्व जवळपास शून्यावर आणलेलं होतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, रिपोर्टमध्ये १४ आलेल्या बाईची अवस्था तशी नसते. उंदरांवरून ‘असं होऊ शकतं’ एवढं कळतं. आपल्याकडे तसं होतं का, हे माणसांतच पाहावं लागतं.

माणसांत काय दिसलं?

इथे चित्र सरळ नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गरोदरपणात पातळी फार कमी असलेल्या आयांच्या मुलांत भाषेच्या अडचणी जास्त आढळल्या. अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये आईच्या रक्तात दर १० नॅनोग्रॅम जास्त ड जीवनसत्त्वामागे मुलाचा बुद्ध्यंक चार ते सहा वर्षांच्या वयात सरासरी १.१७ गुणांनी जास्त निघाला. हा आकडा मुद्दाम देतो आहे. सव्वा गुणही नाही! एकाच मुलाची चाचणी दोन वेगळ्या दिवशी घेतली तरी याहून जास्त फरक पडतो. हजारो मुलांच्या सरासरीत असा फरक शास्त्रज्ञांना महत्त्वाचा वाटणं रास्त आहे. तुमच्या एका मुलाबद्दल त्यावरून काहीही भाकीत करता येत नाही.

आणि आता आपल्या शेजारचं उदाहरण, ज्याची बातमी क्वचितच होते. म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालयात नाव नोंदवलेल्या गरोदर बायकांचा एक दीर्घ अभ्यास आहे. तिसाव्या आठवड्यात रक्त तपासलं तेव्हा त्यांतल्या ६६ टक्के बायकांची पातळी २० नॅनोग्रॅमच्या खाली होती. म्हणजे तीनातल्या दोघी कमतरतेत. त्यांची साडेचारशेहून अधिक मुलं नऊ-दहा वर्षांची झाल्यावर त्यांची स्मरणशक्ती, एकाग्रता, भाषा, तर्क अशा चाचण्या घेतल्या आणि तेरा-चौदाव्या वर्षी पुन्हा घेतल्या. आईची पातळी आणि मुलांचे गुण यांत काही नातं सापडलं नाही. २०१७ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. आपल्यासारखंच ऊन, आपल्यासारखीच त्वचा, बरीचशी आपल्यासारखीच जेवणाची ताटं. माझ्या मते मराठी घरानं डेन्मार्कच्या बातमीइतकंच या अभ्यासाकडेही लक्ष द्यायला हवं.

७१ हजार लोकांचा अभ्यास चुकेल कसा?

तो चुकलेला नाही. दोन गोष्टी बरोबर जातात, एवढंच तो सांगतो. एकीमुळे दुसरी घडते हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

ज्या घरात पुस्तकांचं कपाट असतं त्या घरातली मुलं शाळेत बहुधा पुढे असतात. म्हणून कोणी नुसतं कपाट विकत आणून बैठकीत ठेवलं तर मुलाचे मार्क वाढत नाहीत, कारण फरक कपाटानं पडलेला नसतो, तर ते कपाट ज्या घरात असतं त्या घरातल्या शिक्षणानं, पैशानं, वेळानं पडलेला असतो. रक्तातल्या ड जीवनसत्त्वाचंही असं होऊ शकतं. ज्या बाईची पातळी चांगली ती कदाचित जास्त चालते-फिरते, तिचं वजन आटोक्यात आहे (चरबीत हे जीवनसत्त्व अडकून राहतं, त्यामुळे लठ्ठपणात रक्तातली पातळी कमी दिसते), ती बरं खाते, आजारी नाही. मुलाच्या मेंदूला यांतल्या कशाचा फायदा झाला, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. संशोधक गणितानं या गोष्टी वजा करायचा प्रयत्न करतात, पण जे मोजलेलंच नाही ते वजा कसं करणार? डेन्मार्कच्या संशोधकांनी ही अडचण ओळखून जनुकांचीही तपासणी केली. काहींची पातळी जन्मजात जनुकांमुळेच कमी-जास्त असते, त्यात पैसा-शिक्षणाचा संबंध नसतो. काही विकारांच्या बाबतीत तो पुरावाही त्याच दिशेनं गेला, म्हणून हा अभ्यास वजनदार मानला जातो. तरीही शंका पूर्ण फिटत नाही.

मग सरळ गोळ्या देऊन का पाहत नाहीत?

पाहिलं आहे. खरा निकाल अशाच प्रयोगात लागतो. बायकांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे करायचे, एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, आणि कोणाला काय मिळालं हे बायकांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही.

कोपनहेगनमध्ये ६२३ गरोदर बायकांवर असा प्रयोग झाला. चोविसाव्या आठवड्यापासून एका गटाला रोज २,८०० आययू आणि दुसऱ्याला नेहमीचे ४०० आययू ड जीवनसत्त्व मिळालं. (आययू हे मोजण्याचं एकक, ४० आययू म्हणजे एक मायक्रोग्रॅम.) मुलं सहा वर्षांची होईपर्यंत ती कधी बसली, कधी चालली, किती शब्द बोलली, समज कशी आहे, वागणं कसं आहे, सगळं नोंदवलं. २०२० मध्ये निकाल आला: दोन गटांत फरक नाही. गंमत म्हणजे फायदा दिसला तो भलतीकडे. जास्त मात्रा घेतलेल्या आयांच्या मुलांत दातांवरच्या आवरणाचे दोष जवळपास निम्मे होते.

यावर संशोधक दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही योग्य आहेत. पहिला, चोविसाव्या आठवड्यापर्यंत मेंदूची पायाभरणी बरीच झालेली असते, गोळी उशिरा सुरू झाली. दुसरा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या डॅनिश बायकांची पातळी मुळातच बरी होती. भरलेल्या पोटी आणखी वाढलं तर काय फरक पडणार? खरा प्रश्न आहे तो पातळी दहाच्या खाली असलेल्या बायकांचा. पण त्यांच्यापैकी निम्म्यांना जाणूनबुजून उपचाराविना ठेवणं कोणताही शहाणा डॉक्टर मान्य करणार नाही. म्हणून जिथे उत्तराची सर्वात जास्त गरज आहे तिथेच प्रयोग करणं सर्वात अवघड होऊन बसतं.

आपल्याकडे तर ऊनच ऊन, मग कमतरता कशी?

हा प्रश्न प्रत्येक आजी विचारते, आणि तिचं म्हणणं अगदीच वावगं नाही. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लखनौच्या अभ्यासात ८४ टक्के गरोदर बायकांची पातळी कमी होती. लखनौत ऊन नाही असं कोण म्हणेल?

मेख अशी की ऊन असणं वेगळं आणि ते कातडीवर पडणं वेगळं. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण सूर्य वर आल्यावरच जमिनीपर्यंत पुरेसे पोचतात. तिरुपतीला केलेल्या मोजणीत सकाळी ११ ते दुपारी २ ही वेळ उत्तम ठरली. घरच्या घरी ओळखायचं तर आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडली पाहिजे. आपण मात्र पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो कोवळ्या उन्हाचं महत्त्व. बाळंतीण आणि बाळ दोघांना सकाळी सातच्या उन्हात बसवायचं, तेल चोळायचं. छान ऊब मिळते, त्यात वाईट काही नाही, पण त्या तिरप्या उन्हात हे किरण फारसे नसतात.

काचेतून ते येतच नाहीत, त्यामुळे बंद खिडकीशी बसून उपयोग नाही. सावळ्या त्वचेतलं रंगद्रव्य त्यांना अडवतं, म्हणून आपल्याला गोऱ्या माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. अंगभर कपडे, डोक्यावर पदर, स्कूटरवर स्कार्फ आणि हातमोजे. गरोदरपणात चेहऱ्यावर वांग येतो म्हणून उन्हात जाणं टाळलं जातं ते वेगळंच. हवेतली धूळ-धूरही आड येते. दिल्लीत मोरी गेट या प्रदूषित भागातल्या लहान मुलांची सरासरी पातळी १२.४ होती, तर त्या काळी मोकळ्या असलेल्या गुडगावच्या मुलांची २७.१. एका शहरालगतच्या दोन ठिकाणांत दुपटीहून जास्त फरक! हा अभ्यास २००२ सालचा. त्यानंतर आपल्या शहरांची हवा सुधारली असं म्हणायला मी तरी धजणार नाही.

यावर उपाय म्हणून चंद्रपूरच्या मे महिन्यात भर दुपारी गरोदर बाईला गच्चीवर बसवायचं का? मुळीच नाही. उष्माघाताचा धोका खरा आणि तातडीचा आहे. हिवाळ्यात, पावसाच्या उघडिपीत किंवा सोसेल अशा दिवशी अकराच्या सुमाराला हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं अंगणात, गॅलरीत फिरणं पुरे. तेही जमत नसेल तर गोळी आहेच.

खाण्यातून भागणार नाही का?

फारसं नाही. डिंकाचे, अळिवाचे लाडू, तूप, बदाम, नाचणी हे सगळं चांगलं, पण त्यात ड जीवनसत्त्व नसल्यात जमा. ते मिळतं बांगडा, तारली अशा तेलकट माशांतून आणि थोडंफार अंड्याच्या पिवळ्या बलकातून. कोकणातल्या मासे खाणाऱ्या घरांना त्याचा जरा फायदा. शाकाहारी घरांनी दुधाच्या पिशवीवर आणि तेलाच्या पाकिटावर ‘+एफ’ ही निळी खूण आहे का पाहावं. अशा दुधा-तेलात अ आणि ड जीवनसत्त्व वरून घातलेलं असतं. पण पेलाभर दुधातून मिळणारं प्रमाण गरजेच्या मानानं थोडंच.

नक्की किती घ्यायचं? प्रत्येक डॉक्टर वेगळं सांगतात

कारण संस्थाही वेगवेगळं सांगतात. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर बाईची रोजची गरज ६०० आययू. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सगळ्याच गरोदर बायकांना सरसकट पूरक गोळी देण्याची गरज नाही, कमतरतेची शंका असेल त्यांना द्या. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीनं, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेनं, २०२४ मध्ये उलट सल्ला दिला: गरोदरपणात पूरक मात्रा द्यावी, पण प्रत्येकीचं रक्त तपासत बसू नये. त्यांनी दिलेली कारणंही पाहण्यासारखी आहेत. रक्तदाब वाढणं, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, कमी वजनाचं बाळ हे धोके कमी होण्याची शक्यता. शिफारशीचा आधार मुलांची हुशारी नव्हती.

एक गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. सरकारी कार्यक्रमात आशाताई किंवा नर्सबाई चौथ्या महिन्यापासून कॅल्शियमच्या ज्या गोळ्या फुकट देतात, त्या प्रत्येक गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमबरोबर २५० आययू ड जीवनसत्त्व असतं. दिवसाला दोन म्हणजे ५०० आययू. गरजेचा बहुतेक वाटा तिथेच भागतो. बाळंतपणानंतरही सहा महिने त्या घ्यायच्या असतात. पण ‘सरकारी गोळी’ म्हणून ती डब्यात पडून राहते आणि दुकानातून चकचकीत पुडी येते, हा प्रकार मला काही केल्या समजत नाही. ही गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, कारण कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. एक सकाळी, एक रात्री जेवणानंतर, आणि लोहाची मधल्या वेळी, अशी वाटणी सोयीची.

जास्त घेतलं तर बाळ जास्त हुशार?

नाही. डेन्मार्कमधल्याच २०१० च्या एका लहान अभ्यासात स्किझोफ्रेनियाचा धोका सर्वात कमी पातळीच्या बाळांत वाढलेला होता, तसाच सर्वात जास्त पातळीच्या बाळांतही. पुढच्या अभ्यासांत वरच्या टोकाचा धोका तितका दिसला नाही, पण गरज भागल्यावर आणखी घेतलं तर आणखी चांगलं असाही पुरावा कुठे नाही.

हे जीवनसत्त्व लघवीवाटे सहज निघून जात नाही, चरबीत साठतं. ६०,००० आययूची पुडी ‘आठवड्यातून एकदा’ म्हणून लिहून दिलेली असते आणि घरी ती रोज घेतली जाते, असं घडतं. मग रक्तातलं कॅल्शियम वाढतं: मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, मूत्रपिंडावर ताण. आईचं कॅल्शियम फार वाढलं तर बाळाच्या कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी मंदावतात आणि जन्मल्यावर त्याचंच कॅल्शियम घसरतं. देखरेखीशिवाय रोज ४,००० आययूच्या वर जाऊ नये, ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. पुडी घ्यायचीच असेल तर तिचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मग माझा १४ आकडा? बाळाचं काही चुकलं का?

मेंदूच्या हुशारीबाबत, आज हाती असलेल्या पुराव्यावरून, तसं म्हणता येत नाही. म्हैसूरच्या तीनातल्या दोन आयांचा आकडा असाच होता. रिपोर्ट लाल आला म्हणून गेलेल्या महिन्यांबद्दल स्वतःला दोष देत बसण्यात अर्थ नाही.

उपचार मात्र करायचा, आणि त्याचं कारण बुद्ध्यंकापेक्षा कितीतरी पक्कं आहे. तीव्र कमतरता असलेल्या आईच्या बाळाचं कॅल्शियम जन्मानंतर इतकं घसरू शकतं की त्याला झटके येतात. टाळू भरायला उशीर, पुढे मुडदूस, पाय वाकणं हे धोके आहेतच. आईची हाडं दुखतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, ते ‘बाळंतपणात असं व्हायचंच’ म्हणून सोडून दिलं जातं. हे सगळं टाळता येतं, स्वस्तात टाळता येतं.

मेंदूचीच काळजी असेल तर लोह, आयोडीन आणि बी-१२ यांच्याकडे आधी बघा. आयोडीनच्या तीव्र कमतरतेनं बाळाचा मेंदू खुंटतो हे निर्विवाद आहे, मीठ आयोडीनयुक्त असलं की ते काम झालं. बी-१२ तर आपल्या घरातलाच प्रश्न. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुण्याजवळच्या गावांतल्या मुलांची नवव्या वर्षी तपासणी केली, तेव्हा गरोदरपणात बी-१२ खूप कमी असलेल्या आयांची मुलं एकाग्रता आणि तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हाही निरीक्षणाचाच अभ्यास, कपाटाचा आक्षेप इथेही लागू होतो. पण दूध-दही बेताचं असलेल्या शाकाहारी ताटात बी-१२ कमीच असतं, हे ठाऊक असताना ड जीवनसत्त्वाची महागडी तपासणी करायची आणि बी-१२ चं नावही काढायचं नाही, हे उलटं झालं.

बाळ जन्मल्यावर?

आईच्या दुधात सगळं असतं, ड जीवनसत्त्व मात्र फार थोडं. म्हणून भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेची शिफारस आहे की प्रत्येक बाळाला पहिलं वर्षभर रोज ४०० आययूचे थेंब द्यावेत, आईचा रिपोर्ट कसाही असो. बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४०० आणि ८०० आययू अशा दोन्ही ताकदीच्या बाटल्या मिळतात आणि त्या दिसायला सारख्याच असतात. त्यामुळे बाटली बदलली की लेबल वाचा आणि ड्रॉपर कुठपर्यंत भरायचा, ते बालरोगतज्ज्ञांकडून पुन्हा विचारून घ्या.